तेल मी धुवायला लावलं

आमच्या मोरी म्हशीनं लाथ मारली ती थेट दुधाच्या चरवीवर. चरवी घरंगळत गव्हाणीशी गेली आणि माझी सून सगुणा शेणात बसकन पडली.

“काय केलंस गं तिला?” मी ओसरीवरून ओरडले.

“काय न्हाई वो आत्या. कास धुतली, सडाला हात लावला, एवढंच.”

“ऊठ. हात हिकडं आण.”

तिनं पदराला हात पुसून पुढं केला. मी तो नाकाशी धरला. शेणाचा नाही, दुधाचा नाही, कसला तरी उग्र वास, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात येतो तसा.

“हेच ते. तेल.”

“सकाळी लावलं व्हतं. दुपारी राखेनं चोळून धुतलंय, आत्या.”

“तुला वाटतंय धुतलंय. म्हशीला वाटतंय का?”

मोरी कान मागं टाकून आमच्याकडं बघत उभी होती. चार दिवस झाले, संध्याकाळचा पान्हा चोरत होती ती. कास तटतटून दगड व्हायची पाळी आलेली. आता जनावराच्या नाकाचं मी सांगितलं की खालच्या गावातली माणसं हसतात. हसू देत. आमच्यात दूध काढणारी बाई आजारी पडली तर नव्या बाईला तिचं लुगडं नेसवून म्हशीखाली बसवतात. म्हैस चेहरा बघत नाही, वास बघते. हे ज्याला कळत नाही त्यानं डेअरीची पिशवी फोडून चहा प्यावा.

आमचा वाडा नऊ घरांचा, गवळी धनगरांचा. कोकणात उतरणाऱ्या डोंगराच्या कुशीत, आंबेखोल गावापासून दीड तासाच्या चढणीवर. नवरा गेल्यापासून वाड्यात शब्द माझा चालायचा. म्हैस आडली, बाई आडली, दोन भावांत गोठ्याच्या भिंतीवरून जुंपली, की “ठकूबायला बोलवा.” फुशारकी म्हणा हवं तर. शाळेत मी दीड वर्ष गेले. तेवढ्यात सही शिकले आणि मास्तरांच्या गाईचं दूध काढून द्यायला शिकले. बाकीचं म्हशींनी शिकवलं.

ते तेल आणलं होतं नार्वेकर सिस्टरनी. चार दिवसांपूर्वी पिशवीभर बाटल्या घेऊन चढण चढून आल्या. मी घोंगडी अंथरली, तर बसायच्या आधी त्यांनी ती दोनदा झटकली. माझी घोंगडी! तिच्यावर देव बसवतो आम्ही.

“मावशी, खालच्या रानात माकडं मरायला लागलीत,” सिस्टर म्हणाल्या. “माकडताप आलाय. गोचीड चावली की माणसाला होतो.”

“सिस्टर, मी गोचिडीतच जन्मले. म्हशीच्या कानातली गोचीड नखानं काढून निखाऱ्यात टाकायचं काम मी चौथ्या वर्षापास्नं करते. मला काय झालं?”

“ही ती म्हशीवरची टम्म फुगलेली गोचीड नाही. ही तिळाएवढी असते. झाडाखालच्या पातेऱ्यात. अंगावर चढली तरी कळत नाही. आणि कुठलीच गोचीड नखानं चिरडायची नाही, मावशी.”

पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला सुका पाला. माघ-फाल्गुनात आमच्या बाया रानात जाऊन तो ओढतात, भारे बांधून आणतात आणि म्हशींच्या खाली पसरतात. म्हशी कोरड्या राहतात, पावसाळ्याला खत होतं. आमच्या गोठ्यात पाय ठेवला तर चप्पल भरत नाही, ती या पातेऱ्यामुळं.

“पातेऱ्यात आमची उभी हयात गेली,” मी म्हणाले.

“गेली. कारण तेव्हा हा रोग इथं नव्हता.”

सिस्टरनी पिशवीतली एक बाटली काढून माझ्यापुढं ठेवली.

“रानात जाताना हातापायाला, मानेला हे तेल लावायचं. आल्यावर गरम पाण्यानं, साबणानं आंघोळ. कपडे धुवायचे. एवढं केलं तर भ्यायचं काही कारण नाही.”

एवढं केलं तर! फाल्गुनातला आमचा झरा सिस्टरनी बघितला नव्हता. हंडा भरायला पाऊण तास लागायचा. बाया रांगेत बसून उवा काढायच्या तेवढ्या वेळात.

तर त्या संध्याकाळी सगुणा शेणातून उठली, चरवी उचलून आणली आणि म्हणाली, “आत्या, मी एक हंडा ज्यादा आणते. गरम पान्यानं धुते कोपरापातूर. मग बसते हिच्याखाली.”

“माणसाला प्यायला पानी न्हाई आन् तुझ्या कोपरांची आंघुळ?”

“मग...” तिनं चरवी गव्हाणीवर ठेवली. “मग सांजचं मोरीखाली तुमी बसाल का? पातेरा सरंस्तवर. महिनाभर.”

“म्हंजे सासूला कामाला लावतीस?”

“तसं न्हाई वो.”

“गुडघा धरलाय माझा दोन वर्सं, ठाऊक न्हाई तुला? आन् कशापायी? तर सुनंला डाक्टरचं अत्तर लावून रानात मिरवायचंय म्हणून?”

तिनं मान खाली घातली. सगुणाची ती सवयच होती. मी बोलले की मान खाली. लग्न होऊन आली तेव्हापासून. मी त्याला वळण म्हणायचे आणि चारचौघींत सांगायचे, बघा माझी सून, उलट शब्द नाही.

“जा, धू ते. राखेनं न्हाई, चिंचंनं चोळ. आन् उद्यापास्नं बाटलीला हात लावायचा न्हाई.”

“सिस्टर म्हणल्यात...”

“सिस्टर म्हशी राखते का?”

धुतलं तिनं. बाटली मी कोनाड्यात वर ठेवून दिली. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट माझ्या घरापुरती राहिली असती. पण दुसऱ्या दिवशी झऱ्यावर माझी धाकटी जाऊ धाकूबाय म्हणाली, “आक्का, आमची काळी बी दोन दिस झालं लाथा झाडती.” मी सगळ्यांदेखत सांगितलं, “ते तेल सोडा. म्हशी दूध चोरायला लागल्यात.” नऊ घरं. सांजच्याला नऊ घरांतल्या बाटल्या कोनाड्यात गेल्या. शब्द चालायचा म्हणाले ना, तो असा चालायचा.

मोरीनं दोन दिवसांत पान्हा सोडला. चरवी फेसानं भरली. मी सगुणाला म्हणाले, “बघितलंस?” ती म्हणाली, “व्हय आत्या.”

तेल सोडल्यापासून नवव्या दिवशी ती पातेऱ्याचा भारा आणून अंगणात टाकून तिथंच भाऱ्याला टेकून बसली. “डोकं फुटतंय,” म्हणाली. ऊन लागलं असेल म्हणून मी कांदा फोडून टाळूला चोळला. रात्रीत अंग असं तापलं की हात ठेववेना. सकाळी डोळे गुंजेसारखे लाल, कंबर अशी दुखत होती की कुशीवर वळताना ओरडायची. आणि ओरडणारी बाई नव्हती ती. दोन लेकरं झाली तेव्हा शेजारच्या घरात आवाज गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त आलं. मग माझा मुलगा बमू आणि वाड्यातले दोघं पोरगे, त्यांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली उतरवलं. मी मागून काठी टेकत. गुडघा गेला खड्ड्यात.

सरकारी दवाखान्यात बाकड्यावर झोपवली. डाक्टर तरुण होता, चष्मेवाला. दोन हात लांब उभा राहूनच विचारलं त्यानं.

“कुठली?”

“आंबेखोलच्या वरची,” बमू म्हणाला.

“धनगरवाड्याची? तरीच. तेल दिलं होतं ना तुम्हाला? लावलं होतं का?”

आता हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला? सगुणाला. एकशेचार ताप असलेल्या बाईला. मी तिथंच उभी होते. बमूला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो दूध घेऊन पहाटे खाली उतरायचा, बायांची तेलं-बिलं त्याच्या कानावर नव्हती. सगुणानं डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग डाक्टरकडं.

“चार दिस लावलं,” ती म्हणाली. “मग इसरले.”

“विसरले!” डाक्टर सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं बोलला. “आम्ही डोंगर चढून फुकट वाटायचं आणि यांनी विसरायचं. मग दगावलं की आमच्या नावानं ओरडायचं. लिहा हो, रुग्णाने तेलाचा वापर केला नाही, निष्काळजीपणा.”

बमूनंही तिलाच झापलं. “एवढं दिलं व्हतं तर लावायला काय झालं व्हतं तुला? लेकरांकडं तरी बघायचंस!”

मी बोलले नाही. माझी ही जीभ, जिनं सरपंचाला भर ग्रामसभेत खाली बसवलं, ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली. आणि खरं सांगायचं तर मनातून मला बरं वाटलं. सून असावी तर अशी, मला वाटलं. एवढ्या तापात सासूचं नाक राखलं. बरी होऊन घरी आली की तिला पाटल्या घालीन, असंही ठरवून टाकलं मी. गाडीनं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, बमू बरोबर गेला आणि मी काठी टेकत परत डोंगर चढले, कारण म्हशी कुणाची वाट बघत नाहीत.

मोरीखाली मीच बसले. गुडघा वाकवून बसायला जमेना तेव्हा पाटावर बसले. म्हणजे बसता येत होतं मला. सगुणानं विचारलं होतं तेव्हाही येत होतं.

पाच दिवस रोज खालून निरोप यायचा. ताप उतरला. मग परत चढला. मग हात कापतात. मग एक दिवस, माणूस ओळखत नाही. बमूला “कोण तुमी?” म्हणाली. तिच्या आईनं लेकरं माहेरी नेली. सहाव्या दिवशी मी दुधाची कासंडी डोक्यावर घेऊन आना गवसाच्या हाटेलात गेले, तर तो गल्ल्यावरून उठून दारात आला.

“म्हातारे, तुमचा दूद नको माका आता.”

“का रं? पानी घातलं का कधी मी?”

“तसा न्हय गे. गिऱ्हाइकां घाबरतत. तुमच्या वाड्यार माकडताप आसा मगे.”

“ताप गोचिडीनं येतो, आना. दुधानं न्हाई. नार्वेकर सिस्टरला इचार.”

“तूच सांगतंस? तुझ्या सुनेन तेल लावूक नाय म्हणान आयकलंय. जीवाची काळजी नाय ती दुदाची खय घेतली आसतली?”

वीस वर्षं! वीस वर्षं माझ्या मोरीच्या आणि मोरीच्या आईच्या दुधावर त्याचा चहा चालला. त्याचं लग्न माझ्या खव्यावर झालं. आणि तो माझ्या सुनेचं माप काढतो? मी ते दूध त्याच्या हाटेलासमोर, रस्त्यावर, गिऱ्हाइकांच्या देखत कुत्र्यांना घातलं. “प्या रं, तुमाला तरी चव कळती,” म्हणाले. राग एवढा होता की चढण कधी संपली कळलं नाही. वाटेभर मनात एकच, माझी सून निष्काळजी? माझी? गोठा आरशासारखा ठेवणारी? आणि त्या “निष्काळजी”च्या खाली जे होतं तिथपर्यंत मन गेलं की मी आना गवसाला आणखी दोन शिव्या घालायची.

सातव्या दिवशी सकाळी वाड्यावर साहेब आले. तालुक्याचे कुणी मोठे. नार्वेकर सिस्टर, तो चष्मेवाला डाक्टर आणि हातात धरायचा भोंगा. फणसाखाली सगळ्यांना गोळा केलं. नऊ घरची माणसं, बाया पुढं. मी सगळ्यात पुढं, माझ्या जागेवर.

साहेब बोलायला चांगले होते. गोचीड कशी, ताप कसा, सगळं समजेल असं सांगितलं. मग म्हणाले, “आता तुमच्याच वाड्याचं उदाहरण घ्या. सगुणा बमू येडगे. या बाईला तेल दिलं होतं. तिनं काय केलं? विसरली. आज ती दवाखान्यात आहे, जगेल की नाही डॉक्टर सांगू शकत नाहीत. दोन लहान मुलं आहेत तिला. एका बाईचा निष्काळजीपणा घराला किती महागात पडतो बघा. तुम्हाला सगुणासारखं व्हायचंय का?”

भोंग्यातून तिचं नाव समोरच्या डोंगरावर आदळून परत आलं. सगुणासारखं व्हायचंय का.

माझ्या मागं धाकूबाय कुजबुजली, “पयल्यापास्नंच इसरभोळी हाय ती.”

मी काठी टेकून उठले.

“ओ साहेब. तो भोंगा खाली ठेवा.”

“बोला ना, मावशी. काय शंका आहे?”

“शंका न्हाई. माझ्या सुनंचं नाव त्यात घ्यायचं न्हाई.”

“मावशी, राग मानू नका. हे आम्ही मनाचं सांगत नाही. तिनं स्वतः डॉक्टरांना सांगितलंय. हे काय, लिहिलेलं आहे.”

चष्मेवाल्यानं मान हलवली. “मी स्वतः विचारलं होतं. तुम्ही तिथंच होता की.”

होते की. तिथंच होते. नऊ घरची माणसं माझ्याकडं बघत होती, आणि तोंड उघडायला मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच थोडा वेळ लागला.

“खोटं सांगितलं तिनं,” मी म्हणाले. “ती इसरली न्हाई. तेल मी धुवायला लावलं. म्हैस दूध देईना म्हणून. ती म्हणत व्हती, पानी आणते, गरम करते, सांजचं तुमी बसा म्हशीखाली. मी न्हाई म्हणाले. बाटली मी काढून घेतली तिच्या हातातनं. लिवा.”

साहेबांनी भोंगा या हातातून त्या हातात घेतला.

“बरं, बरं. असू दे, मावशी. आपण इथं कुणाला दोष द्यायला आलो नाही.”

“आत्ताच देत व्हता की!”

“मी फक्त उदाहरण म्हणून...”

“सून चुकली तर भोंग्यात, आन् सासू चुकली तर असू दे? का? मी म्हातारी म्हणून? का समोर उभी हाय म्हणून? ती तिकडं मरायला टेकलीया, तिला उत्तर देता येत न्हाई, म्हणून तिचं नाव घ्यायला सोपं! तोंडं हायत का काय हायत तुमची? तिच्या नावाची रेघ मारा आन् माझं नाव घाला. ठकूबाय धोंडू येडगे. घाला!”

“मावशी, तो केसपेपर रुग्णाचा असतो,” डाक्टर म्हणाला. “त्यात तुमचं नाव कुठं घालणार?”

“जागा न्हाई?”

“नाही.”

“तिला निष्काळजी लिवायला जागा सापडली तुमाला!”

नार्वेकर सिस्टर पुढं आल्या. त्या माझ्यावर ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “मावशी, तुम्ही फक्त तिलाच थांबवलंत?”

हा प्रश्न त्या दोघा शिकलेल्या बाप्यांना सुचला नव्हता.

“न्हाई,” मी म्हणाले. “सगळ्यांना. झऱ्यावर सांगितलं मी. नऊ घरांत आज कोण लावत न्हाई.”

मग मी बायांकडं वळले. हे त्या साहेबाला सांगण्यापेक्षा जड गेलं. “माझं चुकलं,” म्हणाले. आयुष्यात हे शब्द मी फणसाखाली उभं राहून म्हणाले नव्हते. “म्हशी काय, चार दिस लाथा मारतील. तेलाचा बोळा गव्हाणीजवळच्या खांबाला बांधा, वासाला सरावतील. मला पयल्या दिशीच सुचायला पायजे व्हतं. सुचवून घेतलं न्हाई मी. काढा बाटल्या.”

कुणी उठेना. आणि मग धाकूबाय, मघाशी इसरभोळी म्हणाली तीच, तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

“काय गं?”

“आक्का, भावजी तुमचं... आमचं हे... परवापास्नं तापलेत. डोळं लाल झालेत. माळ्यावर झोपवलंय मी.”

“परवापास्नं? आन् बोलली न्हाईस?”

“काय बोलू? सगळी सगुणीला नावं ठेवत व्हती. भोंग्यात आमचं बी नाव घेतील म्हणून... मी बी तेल लावू दिलं न्हाई वो त्यांना. तुमी म्हणला व्हता.”

सिस्टर धावत गेल्या. माझ्या दिराला, कोंडूला, माळ्यावरून उतरवलं. रक्त अजून आलं नव्हतं. झोळीत घालून आंबेखोलपर्यंत आणला, मागून मीही उतरले, आणि तिथून त्याच साहेबांच्या गाडीतून दवाखान्यात नेला. साहेब पुढच्या सीटवर बसले होते, भोंगा मांडीवर घेऊन. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. कोंडू आठ दिवसांत चालत परत आला. रक्त यायच्या आधीच नेलं म्हणून बरं झालं, सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या दवाखान्यात गेले. बमू दारातच भेटला. “आये, पहाटंपास्नं ताप न्हाई. मला नावानं हाक मारली. डाक्टर म्हणाले, वाचली.”

मी काठी दाराशी टेकवून ठेवली. मग आत गेले. सगुणा पलंगावर होती, पलंगावर काही आहे की नाही असं वाटावं एवढी वाळलेली. हात अजून थरथरत होते. मी स्टुलावर बसले आणि दोघांच्या देखत सगळं सांगितलं. चिंचेनं धुवायला लावलेलं, बाटली काढून घेतलेली, फणसाखालचं. बमूनं ऐकून घेतलं, बायकोकडं बघितलं आणि बाहेर निघून गेला. तो माझ्याशी पुढं दोन महिने धड बोलला नाही. बरोबर केलं त्यानं.

सगुणा छताकडं बघत होती.

“कशाला सांगितलंत?” तिनं विचारलं.

“खरं व्हतं म्हणून.”

“खरं तवाबी व्हतंच की.”

मी तिचा हात धरला. “तू माझ्यापायी खोटं बोललीस, सगुणा. एवढ्या तापात सासूचं नाक राखलंस. हे मी मरंस्तवर इसरणार न्हाई.”

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. तिचे डोळे मी कधी एवढा वेळ बघितलेच नव्हते. मान खाली असायची ना.

“नाक न्हाई वो आत्या,” ती म्हणाली. “मला घरी यायचं व्हतं.”

“म्हंजे?”

“डाक्टरला खरं सांगितलं असतं आन् जगले असते, तर कुठं आले असते मी? तुमच्याच घरात. तुमच्याम्होरं. रोज.” बोलताना तिला धाप लागत होती, तरी थांबली नाही. “तुमच्या मायेपायी न्हाई बोलले मी. भ्यायले म्हणून बोलले. तापाचं सुदिक एवढं भ्या वाटलं न्हाई मला.”

ती भांडत नव्हती. झऱ्याला पाणी किती आहे ते सांगावं तसं सांगत होती. भांडली असती तर मला उत्तर आलं असतं.

शेजारच्या पलंगावरच्या बाईनं तोंड फिरवून घेतलं. मला काय करावं कळेना. उठून जावं तर पाय उचलेना, बसावं तर कुठं बघावं? पलंगाच्या शेवटाला तिची पावलं चादरीबाहेर आली होती, भेगाळलेली, पातेऱ्यात फिरून फिरून काळी पडलेली. मी स्टूल तिकडं ओढलं आणि पाय चेपायला घेतले. आमच्यात सासू सुनेच्या पायाला हात लावत नाही. तिनं एकदा पाय आखडून घेतला. मी तो परत मांडीवर ओढला आणि म्हशीचं आंग रगडावं तसा रगडायला लागले, मला तेवढंच जमतं.

“आत्या.”

“काय?”

“एवढ्या जोरात नगा दाबू. दुखतंय मला.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत ती मला पहिल्यांदा ‘नगा’ म्हणाली.

मी हात हलका केला.